वैशाखभर गरी: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या नोंदी, २०२५

२७ एप्रिल, रविवार. चैत्र अमावास्या.

उद्यापासून वैशाख. पाऊस येईपर्यंत हाताशी साधारण महिना-सव्वा महिना आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते. काठावरून गरी (मासे धरायचा गळ) टाकून गरवणाऱ्याला ती बंदी नाही, पण जूनमध्ये खडपावर (किनाऱ्यावरच्या कातळावर) पाय ठेवायची सोयच उरत नाही, त्यामुळे माझ्यासाठीही हंगाम तिथेच संपतो. होडी नाही, जाळं नाही, फक्त काठावर उभं राहून गरी टाकायची आणि रोज काय झालं ते लिहायचं. मे महिन्यात काठावर मासा लागतो का, कुठे उभं राहायचं, हे मला नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. पुढच्या वर्षी कोणी नवा सुरुवात करणार असेल तर त्याला या नोंदी उपयोगी पडाव्यात.

सामान: नऊ फुटी रॉड २,२००, रीळ १,९००, ०.४० मिमी तंगूस (नायलॉनचा दोरा) ३५०, गऱ्या २५०, शिसाचे बारा गोळे ३००. एकूण ५,०००.

पहाटे पावणेपाचला निघालो, आरे-वारेच्या बाजूच्या खडपांवर साडेपाचला पोचलो. आणि पाणीच नव्हतं. हिवाळ्यात दुपारी येऊन जी जागा हेरून ठेवली होती, जिथे दोन पुरुष पाणी दिसलं होतं, तिथे उघडी कालवं आणि शेवाळ. पाणी तीस-चाळीस पावलं खाली. तरी आलोच आहे म्हणून खाली उतरून टाकायला लागलो. प्रत्येक फेकीला शिसं कपारीत अडकायचं. तासाभरात बारातले सात गोळे गेले, म्हणजे १७५ रुपये, गऱ्या वेगळ्या. साडेआठनंतर पाणी खरोखर चढायला लागलं, पण तोवर ऊन डोक्यावर आणि दहाला वारा सुटला. मासा एकही नाही. पाच तास गेले.

खडपावर चपला घालून गेलो होतो. कालवांनी दोन्ही घोटे सोलले. आज संध्याकाळी जाड तळाचे बंद बूट घेतले, ६००.

२८ एप्रिल

काल रात्री दमून रॉड तसाच कोपऱ्यात उभा केला. आज रिळाची मूठ फिरवली तर आत वाळू असल्यासारखी करकर. तंगूस ज्या छोट्या रोलरवरून जातो त्यावर मिठाचा पांढरा थर, आणि रोलर फिरतच नव्हता. मी नळाला पाइप लावून जोरात पाणी मारलं. हे चुकलं. जोराच्या पाण्याने मीठ निघण्याऐवजी आत बेअरिंगपर्यंत गेलं. दुरुस्तीवाल्याने उघडून बेअरिंग बदललं, ३५० रुपये आणि दीड दिवस.

त्याने दाखवलेली पद्धत अशी: आधी ड्रॅगची (दोरा किती जोराने सुटेल ते ठरवणाऱ्या ब्रेकची) चकती पूर्ण घट्ट करायची म्हणजे आत पाणी जात नाही. मग मगातून गोडं पाणी हळू ओतायचं, फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं. वाळलं की ड्रॅग परत पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. रोलरवर तेलाचा एक थेंब. सगळं मिळून सात मिनिटं लागतात. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी हे करायचं ठरवलं आहे, कारण आंघोळीनंतर होत नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सुट्टी. संध्याकाळी भाट्येच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर), सुरूच्या बनासमोर. चार ते सात.

मे महिन्यातली संध्याकाळ दिसायला छान, पण गरवायला कठीण. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका, पाणी सपाट. अकराच्या सुमारास वारा पडतो आणि मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, तो चार-पाच वाजता अगदी भरात असतो. समोरून वारा, त्यामुळे टाक निम्म्यावरच पडते. तंगुसाला मोठा पोक येतो आणि ६० ग्रॅमचं शिसंसुद्धा दोन मिनिटांत घरंगळत काठाला येतं. लाटांनी वाळू उसळून पाणी खदूळ झालेलं. बोटभर लांबीचे चार शिंगाळे (काटे असलेले मासे) आले, ते पक्कडीने सोडवून परत टाकले.

आमिषाचीही चूक झाली. बाजारातली कोळंबी बर्फात घालून नेली होती. बर्फ वितळलं, कोळंबी त्या पाण्यात भिजत राहिली आणि कापसासारखी झाली. टाकताना झटक्यातच गरीवरून उडून जायची. कितीदा मी रिकामी गरी पाण्यात ठेवून बसलो कोण जाणे.

२ मे

आज समुद्रावर गेलो नाही. कालनिर्णय, भरतीचं छापील कोष्टक आणि वही घेऊन दोन तास बसलो. या महिन्यातलं सगळ्यात कामाचं काम आज झालं असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्षातही तसंच आणि वद्य पक्षातही. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे तीच वेळ धरायची, फार तर पाव-अर्ध्या तासाचा फरक. आमच्याकडे प्रत्यक्षात भरती बहुतेक वेळा हिशेबाच्या थोडी आधीच येते, आणि भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) हिशेब तासाभरानेसुद्धा चुकतो. त्यामुळे कोष्टक हवंच. पण हिशेब तोंडपाठ असला की एक गोष्ट दिसते, जी मला आजपर्यंत दिसली नव्हती.

उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, अमावास्येला आणि पौर्णिमेला. त्या दिवशी हिशेबाने भरती अकरा-बाराला. म्हणजे पहाटे सहाला ओहोटी. नेहमीच. कुठल्याही महिन्यातली अमावास्या घ्या, आमच्या किनाऱ्यावर उधाणाची पहाट ही ओहोटीचीच पहाट. आणि भांग अष्टमीच्या आसपास. तेव्हा भरती सहाला, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे उजाडताना भरलेलं पाणी हवं असेल तर ते भांगाचंच मिळणार, संथ, फारशी ओढ नसलेलं.

मी सगळीकडे ऐकलं होतं की उधाणाला जा, पाण्याला ओढ असते, मासा हलतो. आणि हेही ऐकलं होतं की पहाटे भरतीला जा. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही एका दिवशी मिळत नाही. २७ तारखेला मी तेच शोधत होतो.

तेव्हा आता दिवस बघून जागा ठरवायची, जागा बघून दिवस नाही. असं मांडलं आहे:

भांगाला, म्हणजे सप्तमी ते एकादशी, खडपं. सकाळी पाणी भरलेलं, संथ, निवळ. शिसं कमी अडकेल.

उधाणाला, म्हणजे त्रयोदशी ते तृतीया, खाडीचं मुख. तिथे ओहोटीतच काम आहे. पाणी उतरलं की सगळं एका पन्हळीत (वाळूतल्या खोलगट वाटेत) गोळा होतं, आणि पाणी परत फिरतं तेव्हा मासा त्याच वाटेने आत शिरतो.

मधल्या दिवसांचं अजून कळत नाही. बघू.

५ मे, वैशाख शुद्ध अष्टमी

पुन्हा तीच खडपं, पाच वीसला. आज पाणी कपारींच्या वर, हात घालता येईल इतक्या जवळ. कामावर दहाला हजर व्हायचं म्हणून साडेआठपर्यंतच वेळ.

दोन बदल केले. एक, शिसाऐवजी गॅरेजमधून आणलेले निकामी स्पार्क प्लग. फुकट मिळतात, पिशवीभर दिले. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा: वजन मुख्य तंगुसाला थेट बांधलं नाही. वीतभर बारीक, कमजोर ०.२० च्या तंगुसाने लटकवलं. वजन अडकलं की जोर लावला की बारीक तंगूस तुटतो, वजन जातं, गरी आणि मासा परत येतात. दोन तासांत चार प्लग गेले, गरी एकही नाही.

कोळंबीही वेगळ्या पद्धतीने नेली. आदल्या रात्री सोलून मूठभर जाड्या मिठात घोळवून ठेवली. सकाळी चामड्यासारखी चिवट झाली होती. डब्यात कोरडी, डबा बर्फावर. बर्फाच्या पाण्याचा तिला स्पर्श नाही.

सहा दहाला पहिला मासा. टोक एकदा थरथरलं आणि मग एकदम वाकलं, वाकलेलंच राहिलं. गोबरा असाच करतो, आमिष घेऊन थेट कपारीत जातो आणि कल्ले फुगवून बसतो. ओढाओढी करून उपयोग नाही, तंगूस घासून तुटतो. तंगूस पूर्ण सैल सोडून मी मनात शंभर मोजले. सत्तरच्या आसपास तो आपणहून बाहेर निघालेला जाणवला, तेव्हा लगेच उचलला. चारशे ग्रॅमच्या आसपास, अंगावर तपकिरी ठिपके, तोंड भलं मोठं. नंतर एक वीतभर तांबोशी, ती सोडली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे. यादीत असो नसो, वीतभर पिल्लू मी ठेवणार नाही, कारण या महिन्यात पुष्कळ माशांच्या पोटात गाबोळी असते आणि पुढच्या वर्षीचा मासा त्यातूनच यायचा आहे.

पाणी इतकं निवळ होतं की तळ दिसत होता. अशा पाण्यात माझा ०.४० चा तंगूस जाड पडतो असं वाटलं. पुढच्या वेळी गरीच्या वरचा हातभर तुकडा ०.३० चा लावणार.

८ मे, मोहिनी एकादशी

भरती आठच्या सुमारास. भाट्येची पुळण, साडेपाचपासून.

आज मोठा रॉड घरी ठेवला. शेजाऱ्याचा सहा फुटी हलका रॉड, बारीक गरी, दहा ग्रॅमचं वजन, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांस. मुडदुशी या लहान माशासाठी.

पहिला अर्धा तास जमेल तेवढं लांब टाकत राहिलो. काहीच नाही. मग पुळणीच्या थोड्या उंच भागावर जाऊन लाटांकडे बघत बसलो. काठापासून पंधरा-वीस पावलांवर एक पट्टा होता जिथे लाट फुटत नव्हती, पाणी जरा गडद. तिथे काठाला समांतर चर आहे. लाट चराच्या पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर फुटते, चरावरून नुसती घसरत येते आणि मग काठावर पुन्हा फुटते. मी इतका वेळ चराच्या पलीकडे टाकत होतो. मुडदुशी चरात चरत असते, लाटेने उकरलेल्या वाळूतून मिळेल ते वेचत.

पंधरा-वीस पावलांवरच टाकायला लागलो आणि लगेच खटखट सुरू. मुडदुशीचा घास गोबऱ्यासारखा नसतो, दोन-तीन बारीक टिचक्या मारल्यासारखा असतो. पहिल्या टिचकीला झटका दिला की हुकते. तिसरीला नुसता रॉड उचलायचा. पावणेसात ते सव्वाआठ अकरा मुडदुशा, सगळ्यात मोठी वीत आणि चार बोटं. त्यातल्या लहान तीन सोडल्या.

मग केंड (विषारी मासे) आले. एकामागून एक गऱ्या कात्रीने कापल्यासारख्या जायला लागल्या, तंगुसाचं टोक अगदी स्वच्छ तुटलेलं. चार गऱ्या गेल्यावर उठलो. केंडांचा घोळका आला की जागा बदलायची, तिथेच हट्टाने बसून फक्त गऱ्या जातात. केंड हाताला आला तरी घरी न्यायचा नाही, त्याचं विष शिजवून जात नाही.

गुडघाभर पाण्यात उभं राहायचं तर पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून सरकवत न्या. वाळूत पाकट बसलेला असतो. पाय सरकत आला की तो आपला आपण निघून जातो. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

११ मे

उद्याच्या तयारीला खाडीवर गेलो. आमिषाला जिवंत बोय (लहान मासा) हवी होती, म्हणून उसना पाग (फेकायचं गोल जाळं) घेऊन काठावर उभा राहिलो. वीसेक वेळा फेकला. पाग गोल उघडायच्या ऐवजी दोरीसारखा सरळ पडायचा. दीड तासात दोन बोयी, आणि कालवांवर पडून पाग फाटला. पागवाल्याला शिवून द्यायचा आहे.

काठावर एक म्हातारे काका पाग घेऊन बसले होते, माझं बघत होते. शेवटी उठून आले. म्हणाले, "तू पाण्यावर फेकतोयस. बोय कुठं आहे ते आधी बघ की. थांब जरा." पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग काठाच्या अगदी जवळ, जिथे मला काहीच दिसलं नव्हतं, एकदा फेकला. पंधरा-सोळा बोयी. त्यातल्या चार मला दिल्या आणि खाडीच्या मुखाकडे हात करून म्हणाले, "दांडा या वर्षी उत्तरेला सरकलाय. गेल्या वर्षीची पन्हळ बुजली. सुकती (ओहोटी) पूर्ण झाली की येऊन डोळ्यांनी बघ, कोष्टकात ते नसतं."

काजळी नदीचं मुख गाळाने भरत आलेलं आहे हे माहीत होतं. पण वाळूचा दांडा दरवर्षी जागा बदलतो आणि त्याबरोबर माशाची वाटही, हे लक्षात घेतलं नव्हतं. संध्याकाळी ओहोटीला पुन्हा गेलो आणि पन्हळीचा फोटो काढून ठेवला, मागच्या दोन खुणांसकट.

१२ मे, पौर्णिमा

पहाटे पाच. पूर्ण ओहोटी. काल बघितलेली पन्हळ बरोबर समोर, दहा-बारा पावलं रुंद. डोक्यावर बॅटरी (४५०), कमरेला पक्कड (१८०), थर्मोकोलची पेटी (१२०).

पाणी थांबलं तेव्हा काहीच लागत नव्हतं. सव्वासहाला पन्हळीतला फेस उलटा, नदीकडे सरकायला लागला. त्यानंतरची चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. बोयीच्या तुकड्यावर आधी एक रावस, पाऊण किलोच्या आत, चांदीसारखा, गालाखाली त्याचे ते चार धागे. मग अजून एक. एक टोळ मासा वरच्या वर आमिष घेऊन पाण्याबाहेर नाचला आणि सुटला.

मग शिंगाळा आला, दीड किलोचा. घाई झाली होती, मासा लागत होता, आणि मी पक्कड न काढता त्याला हाताने धरला. त्याने अंग वळवलं आणि बाजूच्या पराचा काटा अंगठ्याच्या बुडाशी गेला.

वेदना मिनिटाभरात खांद्यापर्यंत चढली. सामान गोळा करायलाही दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी लागली. चहाच्या टपरीवर गरम पाणी मागून हात त्यात बुडवला, सोसवेल इतकं गरम, भाजेल इतकं नाही. तपमान चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या घरात असेल. अर्ध्या तासात कळ बरीच उतरली. या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो, म्हणून बर्फ लावायचं नाही. पण गरम पाणी म्हणजे उपचार संपला असं नाही. डॉक्टरांनी जखम धुतली, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. ७०० रुपये.

शिंगाळ्याला तीन काटे: एक पाठीवर, दोन बाजूंच्या परांवर. लहान असो मोठा असो, पक्कडीशिवाय हात लावायचा नाही. मी ३० तारखेला बोटभर पिल्लांना पक्कड वापरली होती आणि दीड किलोच्याला विसरलो.

१६ मे

चार दिवस हात सुजलेला. मूठ वळत नव्हती. १३, १४, १५ चं पौर्णिमेनंतरचं उत्तम पाणी गेलं. आज सूज उतरली, रिळाची मूठ फिरवता आली. बसल्या बसल्या नवीन विणलेला दोरा भरला (६००), कारण खाडीच्या ओढीत साध्या तंगुसाला फार ताण येतो आणि घास कळत नाही.

१८ मे, रविवार

या मधल्या दिवसांचं मला कळत नव्हतं. भरती पहाटे चारच्या आसपास, म्हणजे उजाडताना पाणी उतरायला लागलेलं, ओढ मध्यम. खाडीच्या मुखावर, पण या वेळी पन्हळीत नाही. पन्हळ संपून दांड्याच्या टोकाला पाणी वळतं तिथे एक खड्डा आहे. जोराच्या पाण्याच्या कडेला तिथलं पाणी जवळजवळ स्थिर असतं. काकांनी दाखवलेली जागा.

जिवंत बोय, ओठातून गरी, वजन सरकतं ठेवलं म्हणजे माशाला ओढताना जड लागत नाही. पाच चाळीसला बोय अचानक घाबरून पळायला लागली, ते दोऱ्यातून बोटाला कळलं. विणलेल्या दोऱ्याचा हा फायदा. मग एक धक्का, आणि रीळ किंचाळत सुटलं. पहिला मासा मी हरवला. ड्रॅग घट्ट होता, आणि विणलेला दोरा ताणत नाही. गरीच्या वरचा तंगुसाचा तुकडा गाठीपाशी तुटला. तुटलेलं टोक बघितलं तर गुंडाळी होऊन कुरळं झालं होतं, म्हणजे गाठ सुटली होती, कापली गेली नव्हती. गाठ आवळताना ओली केली नव्हती. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो.

दुसरी गाठ थुंकी लावून आवळली, ड्रॅग हाताने ओढून सुटेल इतका सैल. सहा वीसला पुन्हा तसाच धक्का. आता दोरा जाऊ दिला. दोनदा तो दांड्याला वळसा घालून कालवांकडे गेला, दोन्ही वेळा मी रॉड बाजूला पाडून, पाण्याला समांतर धरून वळवला. वर ओढत राहिलो असतो तर तो खालून गेला असता. काठाला आला तेव्हा दिसली तांबोशी, सकाळच्या उन्हात तांब्यासारखी. काट्यावर दोन किलो तीनशे. जबडा उघडाच ठेवून डोळे रोखून बघत होती. गरी लांब पक्कडीने काढली, बोट तिच्या दातांजवळ नेलं नाही.

काकांना अर्धी देऊ केली. नको म्हणाले, डोकं घेतलं. आमटीला.

२० मे, वद्य अष्टमी

माझ्या मांडणीप्रमाणे आज खडपं. गेलो, पण गरी टाकली नाही.

वारा नव्हता. समुद्र वरवर शांत, पण लाट वेगळी होती. लांब, जाड, दोन लाटांमध्ये बराच वेळ. अशी लाट इथल्या वाऱ्याची नसते, दूर दक्षिणेकडून आलेली असते. दहा मिनिटं काहीच नाही, खडप कोरडं. मग लागोपाठ तीन लाटा माझ्या नेहमीच्या उभं राहायच्या जागेवरून आरपार गेल्या. मी वर बसून वीस मिनिटं मोजली नसती तर त्या जागेवर उभा असतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून अशा उसळत्या लाटांचा इशारा येतो, तो मेच्या उत्तरार्धात रोज बघितला पाहिजे. आणि इशारा नसला तरी खडपावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. समुद्राकडे पाठ करून गरीला आमिष लावायचं नाही. एकट्याने जायचं नाही, हे मी महिनाभर पाळलं नाही आणि ते चूक होतं.

संध्याकाळी विजा, मग जोराचा पाऊस.

२२ मे

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. होड्या बंदरात परतताहेत. काजळीचं पाणी पहिल्या पावसाने मातकट लाल. आज खाडीत उतरण्यात अर्थ नाही, पण पुळणीवर संध्याकाळी तासभर गेलो. गढूळ पाण्याची कड जिथे समुद्राच्या पाण्याला मिळते ती रेषा स्पष्ट दिसत होती. तिथे वासाचं आमिष, म्हणजे तारलीचा तुकडा, टाकला. दोन शिंगाळे. पक्कडीने.

२४ मे, शनिवार

कमी दाबाचं डिप्रेशन झालं आणि आज दुपारच्या सुमारास रत्नागिरी ते दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेलं. घरातून बाहेर पडलो नाही. पाऊस आडवा. भाट्येकडून आलेला एक मित्र सांगत होता की समुद्र सुरूच्या बनाच्या पायथ्याशी आहे.

२६ मे

काल मान्सून देवगडपर्यंत आला, आज मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. माझ्या हिशेबात अजून आठवडाभर होता, आणि वैशाख अमावास्येच्या उधाणाला पन्हळीवर जायचं ठरवलं होतं. ते राहिलं.

पाऊस थोडा थांबला तेव्हा दुपारी छत्री घेऊन खाडीवर जाऊन आलो. दांड्याचं टोक गेलं आहे. १८ तारखेला जिथे उभा होतो तिथून पाणी वाहतंय. फोटो काढला, ११ तारखेच्या फोटोशेजारी ठेवला.

सामान आवरलं. गऱ्या गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, तांदळाच्या चिमटीबरोबर डबीत. विणलेला दोरा रिळावरून पूर्ण काढून बादलीत रात्रभर भिजवला, सकाळी पाण्याला बोट लावून चाटलं तर अजून खारट, म्हणून आणखी एकदा भिजवला. रीळ उघडून तेल. ड्रॅग सैल.

खर्च: सुरुवातीचे ५,०००, बूट ६००, बॅटरी ४५०, पक्कड १८०, पेटी १२०, बेअरिंग ३५०, दोरा ६००, डॉक्टर ७००. एकूण ८,०००. पेट्रोल आणि आमिष धरलेलं नाही. फाटलेला पाग काकांकडून शिवून घेतला, त्यांनी पैसे घेतले नाहीत, सुतळीचा गुंडा आणून दिला.

समुद्रावर प्रत्यक्ष गेलो ते दहा दिवस. त्यातले मासा घरी आला असे चार. घरी आणलेलं: एक गोबरा, आठ मुडदुशा, दोन रावस, एक तांबोशी.

ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलं की पहिलं काम: पौर्णिमेच्या ओहोटीला भाट्येच्या मुखावर जाऊन नवीन पन्हळ कुठे पडली ते बघणं. आणि काकांकडून पाग फेकायला शिकणं. ते म्हणालेत, आधी सुकलेल्या वाळूवर फेकून दाखव.